आंबवणीचा नियम

आमच्या सेल रूमच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीच्या, दारावर तीन सूचना चिकटवलेल्या आहेत. पहिली चपला बाहेर काढण्याची, दुसरी मोबाइल बाहेर ठेवण्याची. या दोन कुठल्याही प्रयोगशाळेत सापडतील. तिसरी फक्त आमच्याकडे आहे: ‘घरी वड्यांचं पीठ मळलं असल्यास तीन दिवस आत येऊ नये.’ मागे पुण्याहून तपासणीला आलेल्या एक बाई ती वाचून खूप हसल्या आणि त्यांनी तिचा फोटो काढून घेतला. आम्ही कोणी हसलो नाही. त्या वड्यांपायी आमचे सगळे फ्लास्क एकदा फेकून द्यावे लागले होते.

मी माणगावजवळच्या औद्योगिक वसाहतीत, एका लहानशा कंपनीत काम करते. आजूबाजूला लोखंडाचे आणि रसायनांचे मोठे कारखाने आहेत. त्यांच्यामध्ये आमची इमारत इतकी गरीब दिसते की नवीन रिक्षावाले तिला शाळा समजतात. आम्ही प्रयोगशाळांसाठी प्रोटीन बनवतो. हे सांगितलं की सासरच्या निम्म्या मंडळींना व्यायामशाळेतला डबा आठवतो. माझ्या चुलत दिराचं तर ‘वहिनी, आम्हाला एखादा डबा आणा की’ असं मागूनही झालं. आमचं प्रोटीन म्हणजे कुपीच्या तळाशी चिमटीतही न येणारं पांढरं काहीतरी. पहिल्यांदा बघणाऱ्याला कुपी रिकामीच वाटते.

ही गोष्ट घडली त्या वर्षी माझ्या टेबलावर एक रिसेप्टर आला होता. आपल्या रक्तात पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर बाहेर डोकावणारे हे रिसेप्टर असतात, आणि समोर आलेला आपला की परका हे पेशीला त्यांच्यामुळे कळतं. काही रिसेप्टर पेशीला चेतवतात, काही आवरतात. माझा आवरणारा होता. समोरच्याची खूण पटली की तो आपल्या पेशीला सांगतो, पुरे, घरचंच माणूस आहे. त्याचं खरं नाव म्हणजे दोन-चार इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. ते ऐकून कोणाला काही कळत नाही, म्हणून मी सांगतच नाही.

तो माणसाच्या रक्तातून काढत नाहीत. त्याचा जनुक घ्यायचा, हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत घालायचा आणि त्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवायच्या. त्यांना उबेत ठेवायचं, हलवत राहायचं, वेळेवर खायला घालायचं. त्या वाढता वाढता आपल्या रिसेप्टरचा बाहेरचा तुकडा बनवून पाण्यात सोडतात. मग पेशी गाळून टाकायच्या, पाण्यातून तेवढा तुकडा निवडायचा, वाळवायचा आणि कुपीत भरायचा. कुपीवर छापलेलं असतं, ‘फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये’. कुठल्या तरी देशात कोणीतरी नवीन औषध शोधत असतं, आणि ते औषध या रिसेप्टरला धरतं की नाही हे बघायला त्याला आमची कुपी लागते. आमचं काम एवढंच.

हा रिसेप्टर मी मागून घेतला नव्हता. कामाच्या वाटपात तो माझ्याकडे आला. पण आला त्या दिवशी मी जेवणाचा डबा न उघडताच घरी नेला. माझा थोरला भाऊ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, विषाणू आता फारसा उरलेला नाही, त्यांच्या अंगातल्या पहारेकरी पेशीच थांबेनाशा झाल्यात, फुप्फुसं त्यांनीच खराब केली. हे शास्त्र मला तोंडपाठ होतं. तरी मी दवाखान्याच्या जिन्यात त्या बिचाऱ्या डॉक्टरांवर ओरडले, ‘मग थांबवा ना त्यांना!’ आमच्या कुपीने तो वाचला असता असं मुळीच नाही, कोणी तसं समजू नये. पण फ्लास्कमध्ये खाणं घालताना तो मला आठवायचा.

भावाच्या मागे वहिनी आणि एक मुलगी. वहिनीने शेत सोडलं नाही. पावसाळ्यात भात, भातामागून वाल, आणि अधेमधे सगळ्या गावाची बाळंतपणं, आजारपणं. माझ्याहून वयाने मोठी, पण लग्न होऊन आली त्या दिवसापासून मला ‘वन्सं’ आणि ‘तुमी’ म्हणते. मी मात्र तिला ‘तू’च म्हणते, आणि वेळ पडली तर दमही देते. माझ्या कामाची चौकशी माझ्या नवऱ्याने कधी केली नसेल एवढी ती करायची. मी सुट्टीत माहेरी गेले की वाल निवडता निवडता प्रश्न सुरू.

“म्हंजे अक्की पेशी न्हाय बाटलीत, तिचा निस्ता हात?”

“हातच म्हण.”

“आन तो एकला पडल्यावर पन आपल्या मानसाला वळखतो?”

“ओळखलं तरच कुपीत भरतो. नाहीतर फेकून देतो.”

पहिल्या दोन खेपांना आम्ही तो फेकूनच दिला होता. रिसेप्टर बनायचा, पण त्याची घडी चुकायची, आणि घडी चुकली की त्याला काही धरता येत नाही. वहिनीला हे सांगितलं तर ती हळहळली आणि म्हणाली, “पीक आलं पन दाना भरला न्हाय.” तेव्हापासून आमच्या दोघींत त्या फ्लास्कचं नाव पीक पडलं.

आता त्या दारावरच्या सूचनेकडे वळते. आमच्यात एक सहकारी आहे, रेवसच्या बाजूचा, कामाला चोख. त्याच्या बहिणीची हळद होती. हळदीला आमच्या भागात वडे लागतात, तांदळाचे, उडीद-मेथी-धणे घातलेले, आणि सोबत रस्सा. थंडीत पीठ लवकर फुगत नाही म्हणून आदल्या संध्याकाळी त्यात ताडी घालतात. या भावाने बहिणीच्या प्रेमाने घमेलंभर पीठ मळलं. सोमवारी साबण लावून, दोनदा आंघोळ करून, नखं कापून, डगला-टोपी-हातमोजे चढवून कामावर आला. बुधवारी फ्लास्क गढूळ झाले. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर आमच्या गोल पेशींच्या मधे बारीक बारीक दाणे, एकाला दुसरा फुटलेला. यीस्ट, पीठ फुगवणारं. झाकण उघडलं आणि जो वास आला तो आम्हा चौघांच्याही ओळखीचा होता, कारण आम्ही चौघंही इथलीच. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

“पिठात ताडी घातलेली का रे?” मी विचारलं.

“हळद होती ना,” तो म्हणाला. म्हणजे हो.

यीस्ट एकदा सेल रूममध्ये शिरलं की औषध घालून काही होत नाही. सगळं फेकायचं, खोली धुवायची, पहिल्यापासून सुरू. आमचे साहेब नाशिकचे, शांत माणूस. त्यांनी बैठक बोलावली आणि नियम करायचं ठरलं. ती बैठक अजून आठवते. इडलीला किती दिवस? घावनाला काय? नुसतं खाल्लं तर चालेल का? सासूने मळलं आणि आपण शेजारी उभे असलो तर? शेवटी मीच वैतागून म्हटलं, खायला कोणी अडवत नाही, मळायला अडवतोय, आणि फक्त वड्यांचं लिहा, बाकी ज्याने त्याने समजून घ्यावं. सूचनेचं वाक्य माझंच आहे. त्यामुळे तो नियम मोडायचा म्हटलं तर पहिलं हसं माझंच झालं असतं.

मग भाचीचं, वहिनीच्या मुलीचं, लग्न ठरलं. ती दिघीहून फेरीबोटीने खाडीपलीकडे जाते, आगरदांड्याच्या पुढच्या एका शाळेत शिकवते. रोजच्या बोटीत रोजची माणसं. त्यातलाच एक मुलगा. प्रेमविवाह असं म्हणायची आमच्याकडे सोय नाही, थोरल्या काकीला तो शब्द सोसत नाही. ‘बोटीवर वळख झाली’ एवढंच म्हणायचं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, जातीपातीचा घोळ नव्हता, म्हणून बोटीवरची ओळखही सगळ्यांनी गोड मानून घेतली.

ठरल्यावर महिन्याभराने भाचीचा फोन आला.

“आत्या, मला एक पाहिजे. साडी-बिडी नको.”

“बोल.”

“माझ्या पिठाला आईचा हात लागला पाहिजे.”

आमच्या भावकीत हळदीच्या आदल्या संध्याकाळी वड्यांचं पीठ भिजवतात. परातीला हळदकुंकू लावायचं, आणि पहिला हात नवरीच्या आत्याने घालायचा. मग बाकीच्या सवाष्णी. नवरा गेलेल्या बाईने तिथे यायचं नाही. परातीला नाही, हळदीला नाही, बोहल्यावर अक्षता टाकायलाही मागच्या रांगेत. नवरीची आई असली तरी. आमच्या ग्रामपंचायतीने अशा प्रथा बंद केल्याचा ठराव केला होता, त्याचा फलकही एसटीच्या थांब्याजवळ लागला होता. थोरल्या काकीने तो नातवाकडून वाचून घेतला आणि म्हणाली, “पंचायतीचं पंचायतीला.”

थोरली काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आई-वडील गेल्यापासून घरात शब्द तिचा. तिच्याशी बोलायचं काम भाचीने माझ्यावर टाकलं, कारण म्हणे काकी माझं ऐकते. हे कोणी पसरवलं देव जाणे. मी गेले, चहा घेतला, पाय दाबून दिले, आणि विषय काढला. काकीने पाय आखडून घेतले.

“मी माज्या दोनी पोरींच्या लग्नात पडवीत बसले. दोनी. मेले का?”

“नाही, पण काकी, दिवस बदललेत.”

“माज्यासाठी कवा बदलले न्हाय ते.”

कपाळाला हात लावून मी आत वहिनीकडे गेले. ती चुलीपाशी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती तरी रागावेल. ती घाबरली होती.

“नगा वन्सं, उगाच नगा. उद्या पोरीला कायतरी झालं, तर लोक माज्या हातावर खापर फोडतील. लोक ऱ्हाऊ द्या, मीच फोडीन.”

मला तिचा इतका राग आला की मी पातेलं आपटलं. सापाला न घाबरणारी, रात्रीबेरात्री दुसऱ्याच्या बाळंतपणाला धावणारी बाई, आणि स्वतःच्या हातांची भीती! त्याच हातांनी ती पोर वाढवलेली. तसं बोलून दाखवलं तर ती म्हणाली, “वाडवनं येगळं, लगीन येगळं.” मी त्या दिवशी जेवण न करताच माणगावला परत आले. नवऱ्याने विचारलं तर त्याच्यावरही डाफरले.

लग्नाचा मुहूर्त निघाला आणि बघते तर नेमका माझ्या पिकाच्या काढणीवर. शुक्रवारी संध्याकाळी पीठ, शनिवारी हळद, रविवारी लग्न, आणि सोमवारी मला फ्लास्क काढायचे. या खेपेला रिसेप्टर बरोबर बनत होता. लहान चाचणीत त्याने आपल्या जोडीदाराला घट्ट धरलं होतं. पेशी निळ्या रंगात बघितल्या की मेलेल्या तेवढ्या निळ्या होतात, जिवंत पेशी रंग आत घेत नाहीत. माझ्या जवळजवळ सगळ्या स्वच्छ दिसत होत्या. इतकं चांगलं पीक सोडून दुसऱ्याच्या हवाली करायला मन होईना. शुक्रवार ते रविवार बघायला त्या रेवसवाल्या सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, मी आता पावसुद्धा हात धुवून खातो, तुम्ही बिनधास्त जा.” काढणी मात्र सोमवारी मीच करणार होते. नियमाच्या तीन दिवसांत सोमवारही येत होता, म्हणजे शुक्रवारी मला पिठात हात घालता येणार नव्हता.

हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी बसमध्ये होते, गावाकडे निघालेले, पिशवीत भाचीसाठी घेतलेली साडी. मी नाही म्हटलं तर आत्याचा मान मोकळा राहणार. तो कोणाला तरी द्यावाच लागणार. वहिनीला मिळेल असं काही नव्हतं, काकीची सून होती, चुलत बहिणी होत्या, सगळ्या सवाष्णी. तरीपण मी बसमध्येच भाचीला फोन केला आणि सांगितलं, मी मळणार नाही, कामाचा नियम आहे. ती म्हणाली, “बरं. तू फक्त ये.”

अंगणात मांडव घातला होता. मधोमध मोठी परात, पीठ, डाळीचं वाटण, आणि बाजूला ताडीची कळशी. आमच्या भावकीच्या पंधरा-वीस बायका गोल करून बसलेल्या. थोरली काकी पडवीच्या खांबाला टेकून, नियमाप्रमाणे बाहेरच, पण सगळ्यांवर नजर ठेवून. वहिनी आत. मी मांडवाच्या कडेला उभी राहून सांगितलं की मला ताडीच्या पिठाला हात लावता येणार नाही, माझ्या कामावरच्या पेशी मरतील.

“कशाच्या पेशी?” काकीने विचारलं.

“हॅमस्टरच्या.”

“ते काय?”

“उंदरासारखं असतं.”

बायकांनी तोंडाला पदर लावले. काकी म्हणाली, “उंदरासाटी भाचीचा मान सोडतीस? शिकलीस ती यासाटी?” मी मान खाली घातली. शेवटी काकीने आपल्या सुनेला खूण केली. “ऊठ गं तू. तू घाल पयला हात.”

सून उठली. तेवढ्यात भाची घरातून आली आणि परातीपाशी येऊन उभी राहिली. अंगावर साधी सुती साडी, हातात हळदकुंकवाचा करंडा.

“काकू, तू बस,” ती काकीच्या सुनेला म्हणाली. तिच्या बोलण्यात जराही राग नव्हता, वर्गात हजेरी घ्यावी तसं बोलत होती. “पहिला हात आत्याचा. आत्याला जमत नाही. तर मग माझ्या आईचा. आईला चालत नसेल तर वडे नकोत. वऱ्हाडाला पाव देऊ.”

हळदीला पाव! बायकांत एकदम कलकलाट झाला. खाडीपलीकडची माणसं हे नातवंडांना सांगतील, आमच्या गावात हळदीच्या रश्श्याबरोबर पाव वाढला म्हणून. भाची आत गेली आणि आईच्या दंडाला धरून तिला घेऊन आली. वहिनीचे हात ओले होते, ती ते पदराला पुसत होती, पुसून झाले तरी पुसतच होती.

“मी न्हाय,” ती म्हणत होती. “सोड मला. मी न्हाय.”

“आई, खाली बस.”

“तुला कायतरी व्हईल गं पोरी.”

“व्हायचं ते होईल. तू नाही घातलास हात तरी व्हायचं ते होईलच ना?”

भाचीने परातीच्या काठाला स्वतःच हळदकुंकू लावलं. वहिनी बसली. ती काकीकडे बघत होती. काकीने तोंड फिरवलं होतं. पुढे काय होणार हे कोणालाच कळत नव्हतं, आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला.

रेवसवाला होता. मी मांडवाबाहेर आले. “मॅडम, सॉरी, पेशी दुपारपासून एकदम मरायला लागल्या. सोमवारपर्यंत टिकल्या नसत्या. साहेबांना विचारून मी आजच काढणी केली. गाळून झालंय, एकदम स्वच्छ आहे, थंडीत ठेवलंय. सोमवारी तुम्ही सरळ पुढचं करा.” मी त्याला काय बोलले ते मला आठवत नाही, पण शिव्या नक्की दिल्या नाहीत. पुढे तो रिसेप्टर शुद्ध करून तपासला तेव्हा आतापर्यंतचा उत्तम निघाला. पण त्या क्षणी मला एवढंच कळलं की सेल रूममध्ये आता माझं काही नव्हतं. मी मोकळी होते. आत्याचा मान घ्यायला काही अडचण नव्हती.

मी मांडवात परत आले. वहिनीचे दोन्ही हात परातीवर अधांतरी होते. मी एक शब्द बोलले असते तर ती सुटल्यासारखी उठली असती आणि काकीनेही सुटकेचा श्वास सोडला असता. मी गप्प राहिले. फोन पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही, उलट आनंदच झाला.

वहिनीने डोळे मिटले आणि हात पिठात घातले.

काही झालं नाही. कोंबड्या अंगणात होत्या तिथेच होत्या. तिने पीठ ओढलं, वाटण कालवलं, भाचीने कळशीतून ताडी ओतली. त्यात हात देणं बाकीच्या बायकांचं काम, पण कोणी पुढे येईना. सगळ्या काकीकडे बघत होत्या. एवढी मोठी परात, आणि वहिनी एकटीच मळत होती. खांद्यापासून जोर लावत होती, कपाळावर घाम आला होता, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मला वाटतं देवाचं नाव असावं. कदाचित माझ्या भावाशीही बोलत असेल.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने मान न वळवता विचारलं, “फोन कामावरचा व्हता?”

“हो.”

“पीक बरं हाय ना?”

तिला खोटं सांगणं मला कधी जमलेलं नाही. “निघालं,” मी म्हटलं. “आज दुपारीच काढलं. चांगलं निघालं.”

तिचे हात थांबले. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून माझ्या काळजाचं पाणी झालं. तिला सुटका झाल्यासारखं वाटलं नव्हतं. तिला लाज वाटली होती. दुसऱ्याच्या पाटावर चुकून बसलेल्या माणसाला वाटते तशी. “मंग तुमाला चालतंय की,” ती म्हणाली आणि हात पिठातून उपसायला लागली. बोटांना चिकटलेलं पीठ घाईघाईने परत परातीत निरपायला लागली, एक कणही आपल्याकडे राहू नये असं.

मी धपकन तिच्या शेजारी बसले, तिची दोन्ही मनगटं धरली आणि हात परत पिठात दाबले. जरा जोरातच दाबले असतील.

“उठलीस तर बघ,” मी म्हटलं. सगळ्या बायकांसमोर मी रडत होते, पण आता कोणाची भीड. “मान पहिल्या हाताचा होता, तो झाला. दुसरा माझा.”

“वन्सं, हात तरी धुवा.”

मी हात धुतले आणि तिच्यासमोर बसून मळायला लागले. मला सवय नाही, चार मुठींत मनगट भरून आलं. वहिनी माझ्या बाजूचं पीठ आपल्याकडे ओढून घेत राहिली. मग भाचीने बाही वर केली. नवरीने आपल्याच पिठात हात घालायचा असतो की नसतो याचा नियम कोणालाच माहीत नव्हता, त्यामुळे कोणी अडवलं नाही.

आणि मग पडवीत काठी वाजली. थोरली काकी उठली होती. खांबाला धरत, पायरीला धरत, ती मांडवात आली. बायका बाजूला झाल्या. वहिनीने मळणं थांबवलं आणि खाली बघत राहिली. मीही तयारीतच होते, काही बोलली असती तर मी ऐकून घेणार नव्हते. काकी परातीपाशी येऊन उभी राहिली, वाकून बघितलं, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“लय घट मळताव,” ती म्हणाली. “असे वडे फुगतील का? कळशी कुटं हाय?”

भाचीने कळशी पुढे केली. काकी खाली बसली, ओंजळीत ताडी घेतली, पिठावर शिंपडली, आणि हात घालून पीठ चाचपून बघितलं. बोटांत आलेलं पीठ तिने अंगठ्याने चोळलं.

“माज्या थोरल्या पोरीच्या टायमाला असंच घट झालेलं,” ती म्हणाली. “पडवीतनं दिसत व्हतं मला. सकाळी येक वडा फुगला न्हाय.”

“मंग सांगितलं का न्हाय?” वहिनीने विचारलं.

“मला कोन इचारतंय?”

वहिनी सरकली आणि तिने काकीला परातीजवळ नीट बसायला जागा करून दिली.